कॅन उभा, बाई उभी

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा, प्लॅस्टिकचा कॅन आहे. वीस लिटरचा, असं माझ्या पोटावर लिहिलेलं आहे. आता मी गळतो, त्यामुळे तो आकडा माझ्या तरुणपणीचा समजावा. पण एक गोष्ट मी मरेपर्यंत सांगणार. आमच्या नाकिबुंगु गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीत एका सरकारी अधिकाऱ्याने मला मत म्हणून मोजलं होतं. नंतर खोडलं. पण मोजलं होतं.

युगांडात माझ्यासारखे पिवळे कॅन माणसांपेक्षा जास्त असतील. सगळ्यांचा जन्म सारखाच. मीही कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात खायचं तेल होतं. दुकानात मी वरच्या फळीवर बसायचो आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे मान वर करून बघायची. तो थाट पुन्हा कधी लाभला नाही.

जाज्जा कागोयाने मला लेकीच्या लग्नासाठी विकत घेतलं. जाज्जा म्हणजे आजी. तेव्हा ती आजी नव्हती, पण आज तिला दुसऱ्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही. लेकीचं नाव कावुधा. नवरदेव इसाबिर्ये, आमच्या गावचा चेअरमन. त्या लग्नात माझं सगळं तेल संपलं आणि जाज्जाला जावई मिळाला. या व्यवहारात आपण काय कमावलं, याविषयी जाज्जाचं मत ठाम आहे, पण ती ते चारचौघांत बोलत नाही. जावयालाही सांगत नाही. आमच्याकडे सासू-जावयाने एकमेकांसमोर यायचंच नसतं. बोलायचं नसतं, बघायचं नसतं, आणि जावयाने सासूच्या वस्तूला हात लावला, तर त्याचे हात थरथरायला लागतात ते कायमचे. अशी थरथर प्रत्यक्षात कोणी पाहिलेली नाही, कारण हात लावून बघायची कोणाची छाती झालेली नाही.

लग्नानंतर जाज्जाने मला राख आणि वाळूने आतून घासलं, आणि माझी पाण्याची नोकरी सुरू झाली. ओळख पटावी म्हणून तिने तापल्या सुरीने माझ्या पाठीवर कोंबडी काढली. ती कोंबडी चपलेसारखी दिसते. झाकण पहिल्याच वर्षी हरवलं, तेव्हापासून माझ्या तोंडात दाणे काढलेलं कणीस. गावात सगळे मला ‘चपलेवाला’ म्हणून ओळखतात.

आमचा हापसा फणसाच्या झाडाजवळ आहे. पहाटेपासून तिथे रांग लागायची, पण रांगेत माणसं नसायची. रांगेत आम्ही असायचो. बायका आम्हाला एकामागे एक उभं करून जायच्या, कोणी चूल पेटवायला, कोणी शेंगा निवडायला. नंबर आला की परत. आम्ही उन्हात उभे राहायचो आणि एकमेकांच्या पाठी बघायचो. कंटाळवाणं होतं, पण जबाबदारीचं काम होतं.

एकदा मात्र भांडण झालं. घाईत असलेल्या एका नवऱ्याने दुसरीचा कॅन मागे सरकवून आपल्या बायकोचा पुढे ठेवला. दोन घरांची जुंपली, मग दोन आळ्यांची, मग कारण कोणालाच आठवेना. शेवटी चेअरमन इसाबिर्येने फणसाखाली सभा बोलावली. त्याची खुर्ची नेहमी सगळ्यांत मोठ्या फणसाच्या बरोबर खाली असायची, आणि सभा लांबली की अख्खं गाव त्या फणसाकडे आशेने बघायचं. त्या दिवशी इसाबिर्ये उठला आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला निवाडा देऊन बसला.

“कॅन उभा, म्हणजे बाई उभी,” तो म्हणाला. “ज्या हाताने ठेवला, त्याच हाताने उचलायचा. नवरा आला तरी नाही, चेअरमन आला तरी नाही.”

टाळ्या पडल्या. मलाही वाजवाव्याशा वाटल्या. त्या दिवसापासून रांगेतल्या परक्या कॅनला गावात कोणी बोट लावलं नाही.

पुढे हापशाचा दांडा खिळखिळा झाला. चोरीला जाऊ नये म्हणून इसाबिर्येने तो काढून आपल्या घरी नेला आणि दाराला आतून अडसर म्हणून लावला. तेव्हापासून हापसा एकदाही बिघडला नाही. तशी नोंद तो दर सभेत अभिमानाने करायचा.

बायका आता टेकडीपलीकडच्या दलदलीवर जाऊ लागल्या. वाट निसरडी. तिथेच एकदा मी डोक्यावरून घसरलो, दगडावर आपटलो आणि चिरलो. जाज्जाने जुनी चप्पल वितळवून माझी चीर बुजवली. आतापर्यंत पाठीवर चपलेचं चित्र होतं, आता पोटाला खरी चप्पल लागली. तरी गळायचो ते गळायचोच. मग मला अंगणात टाकून दिलं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. मित्रांनो, ज्याच्याकडे एकेकाळी मान वर करून बघितलं जायचं, त्याच्यावर कोंबड्या बसू लागल्या की त्याला कसं वाटतं, ते मी सांगणार नाही. वास तुम्हाला आपोआप कळेल.

मला वाचवलं शेजारच्या नाइगागाने. ती विधवा बाई, बाजारात कणसं भाजून विकायची, आणि जाज्जाचे गुडघे गेल्यापासून तिचंही पाणी भरायची. तिच्या लक्षात आलं की रांगेत उभं राहायला पाणी धरून ठेवता येण्याची गरज नसते. ती मला रिकामाच दलदलीवर न्यायची, जाज्जाच्या नावाने तिथल्या झऱ्यापाशी उभं करायची, आणि नंबर आला की पाणी आपल्या दुसऱ्या कॅनमध्ये भरायची. अशा रीतीने मी गावातला पहिला कॅन झालो, ज्याचं काम फक्त उभं राहणं होतं. तोवर ते काम फक्त चेअरमनकडे होतं.

आणि मग निवडणूक जाहीर झाली.

मित्रांनो, आमच्या गावच्या चेअरमनची निवडणूक इतकी वर्षं झाली नव्हती, की बऱ्याच जणांना ते पद बाप-आजोबांकडून येतं असं वाटायचं. इसाबिर्ये निवडून आला तेव्हा त्याला ना टक्कल होतं ना सासू. नाइगागाने त्याच्याविरुद्ध उभं राहायचं ठरवलं, तेव्हा बाजारात लोकांनी विचारलं, कणसं सोडून खुर्ची कशाला हवी.

“मला खुर्ची नकोच आहे, दांडा हवाय,” ती म्हणाली. “पण दांडा चेअरमनच्या दाराला असतो, म्हणून चेअरमन व्हावं लागतंय.”

दलदलीच्या वाटेवर सगळ्या बायका तिच्याच बाजूने होत्या. मी ऐकलंय, मी त्यांच्या डोक्यांवरच होतो. पण आमच्याकडे या निवडणुकीत चिठ्ठी नसते, पेटी नसते. उमेदवार मैदानात उभे राहतात, आणि ज्याला जो हवा त्याच्यामागे रांग लावायची. अधिकारी डोकी मोजतो. म्हणजे सगळं उघड्यावर, नवरा बघतोय, दीर बघतोय, चेअरमन बघतोय. डोक्यावर कॅन असताना जे बोलता येतं, ते कॅन खाली ठेवल्यावर जमत नाही. नाइगागाला हे ठाऊक होतं. आपल्यामागे एकही बाई उभी राहिली नाही, तर दांडा आणखी एक पिढी दारामागेच राहील, हेही तिला ठाऊक होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सगळे फणसाजवळच्या मैदानात जमले. इसाबिर्येने बोकड कापला होता, आणि मतदान झालं की सगळ्यांना भात-मटण, असं त्याचा उजवा हात बालिकोवा सांगत फिरत होता. पातेलं इतकं मोठं होतं, की ते आणायला चार माणसं लागली. बायका आपापले कॅन घेऊनच आल्या होत्या. मत द्यायचं आणि तसंच दलदलीवर जायचं, असा त्यांचा बेत.

अधिकाऱ्याचा पत्ता नव्हता. इसाबिर्येमागे पुरुषांची रांग आपोआप लागली. नाइगागा समोर एकटी उभी. तिच्यामागे वारा होता.

बराच वेळ कोणी हललं नाही. मग जाज्जा कागोया काठी टेकत पुढे आली आणि तिने मला नाइगागाच्या मागे धपकन ठेवलं.

“माझ्याच्याने उभं राहवत नाही,” ती म्हणाली. “हा राहील.”

आणि सावलीत जाऊन बसली.

मग बालिकोवाची बायको नांगोबी तिथून जाता जाता थबकली. तिने कुणाकडे बघितलं नाही. हातातला कॅन माझ्यामागे ठेवला आणि सरळ घरी निघून गेली, जणू हापशावर नंबर लावलाय. मग तिसरी आली, मग चौथी. मित्रांनो, रांगेत उभं राहायला धीर लागतो. कॅन ठेवायला तेवढा लागत नाही. कॅनला तोंड नसतं. असलंच तर त्यात कणीस कोंबलेलं असतं. बघता बघता माझ्या पाठीमागे पिवळी रांग फणसाच्याही पलीकडे गेली, आणि बायका शेंगा निवडायला घरोघर पांगल्या. काही जणींनी कॅन इसाबिर्येच्या मागेही ठेवले, नाही असं नाही. लोकशाही आहे.

सगळ्यांत शेवटी चेअरमनची बायको कावुधा दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन आली. भातासाठी पाणी आणायला ती दलदलीकडे निघाली होती. आमच्या रांगेच्या टोकाशी ती दम खायला थांबली, दोन्ही कॅन खाली ठेवले आणि घरून कोणी हाक मारली म्हणून परत गेली. ते कॅन रांगेत होते की नुसतेच तिथे होते, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

ऊन चढलं. अधिकारी येईना. आणि हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की गावातले झाडून सगळे कॅन मैदानात उभे आहेत. म्हणजे गावात पाणी नाही. बोकड आहे, तांदूळ आहेत, सरपण आहे, पातेलं तर आहेच. पाणी नाही.

बालिकोवा रांगेतून निघून ऐटीत आमच्याकडे आला आणि त्याने नांगोबीच्या कॅनच्या मुठीला हात घातला. त्याच्याच घरचा कॅन. पण मैदानात असा हुंकार उठला, की त्याचा हात मुठीवरच गोठला. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, की ज्या हाताने ठेवला, त्याच हाताने. बालिकोवाने चेअरमनकडे बघितलं. चेअरमनने स्वतःचा निवाडा आठवला आणि आभाळाकडे बघितलं.

शेवटी इसाबिर्ये स्वतः निघाला. चार पावलं आला, आणि त्याला मी दिसलो. पाठीवरची चप्पलही दिसली. सासूबाईंचा कॅन. तो जागच्या जागी गिरकी घेऊन पाठमोरा झाला. तेवढ्यात जाज्जा सावलीतून उठली, माझ्यापाशी आली आणि माझ्यावर बसली. त्यानंतर चेअरमनला आमच्या रांगेकडे बघण्याचीसुद्धा सोय उरली नाही. निवडणुकीतलं आपलं शेवटचं भाषण त्याने फणसाच्या बुंध्याकडे तोंड करून केलं. बुंध्याने ते शांतपणे ऐकून घेतलं.

भाषण संपेपर्यंत जाज्जाला ऊन लागलं आणि ती मला तिथेच ठेवून पुन्हा सावलीत गेली. इकडे इसाबिर्येच्या रांगेतल्या पुरुषांच्या घशाला कोरड पडली. त्यांच्या बाजूचे कॅन काढून पाणी आणावं, तर तेवढी रांग आखूड, आणि अधिकारी कुठल्याही क्षणी टपकेल. मग बालिकोवाच्या डोक्यातून कल्पना निघाली, की पातेलंच दलदलीवर न्यावं. चौघे पातेलं घेऊन गेले. त्यांनी ती वाट जन्मात कधी पाण्यासकट चढली नव्हती. परत आले तेव्हा चौघांच्या विजारी कमरेपर्यंत ओल्या होत्या आणि पातेल्यात एक बेडूक होता. तो कोरडा होता. मग रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, की ही रोज दोनदा जाते. कोण, ते त्याने सांगितलं नाही. शेजाऱ्याने विचारलंही नाही.

दुपार कलल्यावर अधिकारी भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. बिचारा सकाळपासून गावोगाव हेच करत होता. धुळीने डोळे लाल झालेले. उतरला तो कागद काढून थेट आमच्या रांगेकडे आला आणि पेनाने एकेक डोकं टोचत मोजायला लागला. एक, म्हणून त्याने माझ्या डोक्यावर टकटक केली. दोन. तीन. मग थांबला. आवाज पोकळ येत होता. खरं तर त्याला त्यात नवल वाटायला नको होतं, सकाळपासून त्याने बरीच डोकी मोजली होती.

मग गोंधळ झाला. कॅन म्हणजे माणूस नव्हे, असं इसाबिर्ये पाठमोरा राहून म्हणत होता, आणि गाव त्याला त्याचाच निवाडा ऐकवत होतं. नाइगागा मध्ये पडली.

“कॅन मोजू नका, साहेब,” ती म्हणाली. “आमचं माणसांचं गाव आहे. शिट्टी वाजवा. ज्यांचे आहेत, त्या येतील.”

हे बोलताना तिचा आवाज सरळ होता, पण हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले होते. मी अगदी मागेच होतो, मला दिसत होतं. कॅन ठेवणं वेगळं, आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या कॅनमागे येऊन उभं राहणं वेगळं. अधिकाऱ्याने कागदावरचे तीन खोडले. त्यात मी होतो. मग त्याने शिट्टी वाजवली.

कोणी आलं नाही. एक कोंबडी मैदान ओलांडून गेली.

मग जाज्जा सावलीतून उठली. काठी, पाऊल, काठी, पाऊल. येऊन माझ्यावर बसली. अधिकारी म्हणाला, की उभं राहावं लागतं. जाज्जा म्हणाली, की मी बसल्यावर किती उंच दिसते आणि साहेब उभे राहून किती, ते बघून मग बोलावं. त्याने लिहिलं, एक.

आणि घरांच्या मधल्या वाटेने नांगोबी आली. हाताला शेंगांची टरफलं चिकटलेली. बालिकोवा समोरच्या रांगेतून तिच्याकडे डोळे वटारून बघत होता.

“घरी ये, मग बघतो,” तो म्हणाला.

“घरी पाणी नाही,” नांगोबी म्हणाली. “येऊन काय करू?”

आधी आमच्या बाजूला हशा पिकला, मग त्याच्या बाजूला, आणि मग, खरं सांगतो, ओल्या विजारीतला बालिकोवाही हसला. तो हसला आणि सुटलं सगळं. बायका वाटावाटांनी आल्या. प्रत्येकीने आपला कॅन ओळखला, कोणाच्या मुठीला लाल चिंधी, कोणावर जळका तारा, आणि जी ती आपल्या कॅनमागे जाऊन उभी राहिली. दोन-तीन पुरुष समोरची रांग सोडून इकडे आले. त्यांना कोणी काही विचारलं नाही. विजारी ओल्या होत्या, तेवढं पुरेसं होतं.

उरले टोकाचे दोन कॅन. सगळ्यांच्या माना चेअरमनच्या घराकडे वळल्या.

कावुधा आली ती खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन. हापशाचा दांडा. मैदान इतकं गप्प झालं, की पातेल्यातला बेडूक ऐकू आला. ती नवऱ्यासमोर थांबली.

“भात होत नाही,” ती म्हणाली. “पाणी नाही. दाराला दुसरं लाकूड लावलंय.”

आणि आमच्या रांगेच्या टोकाशी जाऊन आपल्या दोन कॅनमागे उभी राहिली. अधिकाऱ्याने तिला एकच मोजलं. दांडा जमेस धरावा, अशी एकाने सूचना केली, ती फेटाळली गेली.

नाइगागा जिंकली. किती मतांनी, तो आकडा गावात दर वेळी थोडा वाढतो, म्हणून मी सांगत नाही. निकाल लागताच बायकांनी आपापल्या हातांनी आपापले कॅन उचलले आणि दलदलीवर गेल्या, आणि त्या दिवशी नवरेही मागोमाग गेले. भात उशिरा शिजला. दोन्ही रांगा एकत्र जेवल्या. बोकडाला निकालाशी काही देणंघेणं नव्हतं.

मिस्त्री आला, हापशाला नवे वॉशर बसले, दांडा लागला. पहिलं पाणी माझ्यात भरलं. नाइगागाने तसा हट्टच धरला. ते सगळं माझ्यातून फणसाच्या मुळाशी गळून गेलं, आणि कोणी नाव ठेवलं नाही.

मित्रांनो, गोष्ट इथेच संपवता आली असती, पण नंतरची एक सकाळ राहिलीच. चेअरमन नाइगागाला वरच्या कचेरीत सभेला जायचं होतं. ती घाईघाईने हापशावर आली आणि तिने आपला कॅन सगळ्यांच्या पुढे ठेवला. तिच्या मनात खोट नव्हती, घाई होती. जाज्जा माझ्यावर बसलेली होती.

“नाइगागा,” ती म्हणाली, “दांडा कुणाच्या दाराला होता गं?”

नाइगागाने जीभ चावली. कॅन उचलला आणि शेवटी जाऊन ठेवला. तिच्या पुढचा कॅन इसाबिर्येचा होता. तो आता रोज पाणी भरतो. जाज्जा रांगेत असली की पाठमोरा उभा राहतो, त्यामुळे रांग पुढे सरकली की त्याला सांगावं लागतं. ते काम नाइगागाने केलं. तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि जुना चेअरमन, नव्या चेअरमनच्या सांगण्यावरून, एक पाऊल उलटा पुढे सरकला.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती. वस्तू गळकी झाली म्हणून लगेच अंगणात फेकू नका. तिच्यात पाणी राहत नसेल, पण तिच्या नावाने जागा राहते. कोंबड्यांना बसायला दुसरं काहीतरी मिळेल. आणि कुठल्याही गावात, कुठल्याही हापशावर, उन्हात एकटा उभा राहिलेला कॅन दिसला, आजूबाजूला चिटपाखरू नसलं आणि तुम्ही कितीही घाईत असलात, तरी त्याला हलवू नका.

तिथे कोणीतरी उभं आहे.